चुकीच्या बाजूची पायरी

कोस्की रोड, ८ सप्टेंबर

काइसा पोरी,

गाडी पोचली. तुझ्या बापाने दारात आणून उभी केली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जशी काही मी आता डोळे पुसणार आहे. मी म्हटलं, "बरी आहे." त्याला तेवढं पुरलं नसावं. पण जास्त कौतुक केलं की रूडी शेफारतो, लहानपणापासून.

जुन्या गाडीची हालत तू बघायला हवी होतीस. तुझ्या आजोबांनी घेतलेली. इतके हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ खाल्लं तिने, की तळ गंजून बसल्या जागी पायाखालून रस्ता पळताना दिसायचा. उन्हाळ्यात खालून वारा लागायचा, ते मात्र बरं होतं.

ही नवी पिकअप म्हणजे कुणाची तरी वापरलेलीच, पण पत्रा ॲल्युमिनियमचा, कधी गंजायचा नाही म्हणे. मला काय, अंडी गावात पोचली म्हणजे झालं. पण 'ताजी अंडी' ही माझी लोहचुंबकाची पाटी तिच्या दाराला लावायला गेले, तर ती पायावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. कुंपणापलीकडून वाइनो बघत होता. म्हणतो, "हेल्मी, तू गाडीला आवडली नाहीस." शेजारी म्हणून देवाने हाच दिला. गेल्या हिवाळ्यात त्याची सायमा गेली, वसंतात एका डोळ्याची नजर गेली, सरकारने गाडीचं लायसन काढून घेतलं. तोंड मात्र कुणी काढून घेतलं नाही.

गाडी उंच आहे. मी उंच नाही. पण चढते. कशी ते विचारू नकोस.

तुझा बाप जाताना सांगून गेला. म्हणाला, "आई, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला येईन, तेव्हा माझ्यासमोर कुणाचा हात न धरता गाडीत बसायचं, गावात जायचं, उतरायचं, परत यायचं. जमलं तर मी कधी विषय काढणार नाही. नाही जमलं तर माझ्याबरोबर ग्रीन बे शहरात." तिथे म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत त्याने एक खोली बघून ठेवली आहे. लिफ्ट आहे, खाली बिंगो खेळतात. कोंबड्या चालत नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर तुझा बाप मध्ये बोलतो. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही.

सौनात वाफ घेताना बसायचा छोटा स्टूल कुठे गेला म्हणून वाइनो विचारत होता. तुटला, असं सांगितलंय. तुला विचारलं तर तूही तेच सांग.

आजी


विचिटा, १७ सप्टेंबर

आजी,

"कशी ते विचारू नकोस" असं तू लिहिलंस की मी आधी तेच विचारणार, हे तुला अजून कळू नये?

आणि मला उत्तरही माहीत आहे. स्टूल तुटलेला नाही. त्याला दोरी बांधून तू त्यावर चढतेस, आत बसलीस की दोरीने तो ओढून घेतेस. लहानपणी मी तिथे असताना गवताच्या ढिगावर तू अशीच चढायचीस आणि शिडी वर ओढून घ्यायचीस. खाली आजोबा शिव्या देत उभे. मी अजून हसते. पण तेव्हा खाली गवत होतं, आता गोठलेली जमीन असणार आहे.

दारांखाली लावायच्या लांब पायऱ्या मिळतात, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय ठेवायचा, बसायचं. इतकं सोपं आहे. मी पाठवते. लावायलाही कठीण नाही, गाडीला त्यासाठी कारखान्यातूनच भोकं ठेवलेली असतात.

पाटी का चिकटली नाही ते आता कळलं असेल. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. मी दिवसभर तोच पत्रा विमानांना रिव्हेट ठोकून बसवते, त्यामुळे तुझी गाडी माझ्या ओळखीची आहे. मऊ स्वभावाची असते. नीट वागलं तर जन्मभर टिकते.

बाबा गंमत करत नाहीयेत, आजी. त्या खोलीसाठी त्यांनी नाव नोंदवलं आहे.

काइसा


कोस्की रोड, २९ सप्टेंबर

काइसा,

पायऱ्या पाठवू नकोस. दुकानातलं काही नको. सोय झाली आहे.

ती अशी. मी अंडी घेऊन निघाले होते, स्टूलवर उभी, एक गुडघा सीटवर आणि उरलेलं सगळं बाहेर. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुटलेला स्टूल बराच मजबूत दिसतो."

मी म्हटलं, "बघायचं काही काम आहे का तुला?"

"नाही," वाइनो म्हणाला. "म्हणून तर बघतोय. पायरी करून देतो. शेडमध्ये खाणीतला जाड पत्रा पडलाय. अस्वल उभं राहिलं तरी वाकायचा नाही."

"मला अस्वल गावाला न्यायचं नाहीये."

"तू आहेस ना, पुरे झालं."

आता तुला वाटेल, त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण सायमा गेल्यापासून त्याने त्या शेडचं दार उघडलेलं नव्हतं. या भागातल्या प्रत्येक घरात वाइनोच्या हातचं काहीतरी आहे. कुणाची बर्फ ढकलायची फळी, कुणाचा बोटीचा गाडा, चर्चच्या मागचा कठडा. खाण बंद पडली तेव्हा लोकांनी आपापला हिशेब घेतला, याने लोखंड घेतलं. आता सकाळी कॉफी होते न होते तोच ठोकाठोक सुरू. माझ्या कोंबड्या घाबरून अंडी कमी घालतात. मी काही बोलत नाही.

वेल्डिंग होत नाही म्हणून दोन दिवस गाडीला शिव्या घालत होता. मग म्हणाला बोल्टने बसवतो. आणि मग त्याने काय केलं असेल? आधी दुसऱ्या बाजूची पायरी बसवली. मी गाडी चालवते ती बाजू तशीच. मी म्हटलं, "अरे थेरड्या, चालवणारी इकडे बसते." तर म्हणतो, "हात बसायला पाहिजे. आधी तिकडची करून बघतो." एवढी बुद्धी गेली असेल असं वाटलं नव्हतं. जाऊ दे. म्हातारपण.

माझ्या बाजूची पुढच्या आठवड्यात होईल. तोवर स्टूल आहे.

वेलचीचा गोड पाव पाठवते आहे. घट्ट झाला असेल तर कॉफीत बुडव, पण फेकू नकोस.

आजी


कोस्की रोड, १२ ऑक्टोबर

काइसा,

हे अक्षर वाइनोचं आहे, कारण माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. (चष्मा तिच्या नाकावर आहे. वाइनो.) मी सांगते तसं तो लिहितोय. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं बजावलंय.

इकडे सगळं ठीक. झाडांची पानं गेली. मी एकदम बरी आहे. (स्टूलवरून पडली. उजवं मनगट. मोडलं नाही, पण डॉक्टरने पट्टा बांधला आहे आणि महिनाभर काही उचलू नको म्हणाला. पोस्टवाल्या बाईने तिच्या गाडीतून नेलं. मी नेलं असतं, पण मला आता गाडी चालवता येत नाही.) कोंबड्या बऱ्या आहेत.

हा फार वेळ लिहितोय. मी एवढं बोललेच नाही. (ती म्हणते मी एवढं बोललेच नाही.)

दुसरी पायरी पण बसली. लाल रंग दिलाय, गोठ्याला देतात तो. माझा पाय आता बरोब्बर पडतो, रूडी येईल तेव्हा मी राणीसारखी चढेन. (तुझ्या कामाचं म्हणून विचारतो. ड्रिल लावलं तर लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. दोन भोकं पाडून थांबलो, बाकीचे बोल्ट कडेला दिसली त्या उघड्या भोकांतून काढले. मग पान्याला पाइप लावून आवळले, आम्ही खाणीत आवळायचो तसे. तेव्हा पत्र्याने आवाज केला. मला तो आवाज आवडला नाही. तू विमानं करतेस, तुला काय वाटतं?)

तुझ्या बापाला काही कळवू नकोस. मनगटाचं तर मुळीच नको. म्हणजे, मनगटाला काही झालेलंच नाही. (सांगू नकोस.)

आजी. सही डाव्या हाताने केली आहे, गंमत म्हणून.

(पायरी मी आधी तिच्या बाजूला केली असती तर ती पडली नसती. हे तिला वाचून दाखवणार नाही.)


विचिटा, २० ऑक्टोबर

आजी,

आधी मनगट सांभाळ. गरम पाण्यात घालू नकोस, आणि कोंबड्यांचं पाणी डाव्या हाताने ने, अर्धी बादली.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते दर रविवारी विचारतात, "म्हातारीची काय खबर?" मी म्हणते, गोड पाव आला. खोटं नाही ते. पण एक अट आहे, आणि ती तुला आवडणार नाही.

वाइनोआजोबांच्या पायऱ्या काढाव्या लागतील.

ऐकून घे. नुसतं लोखंड असतं तर ते सावकाश गंजलं असतं, जुन्या गाडीसारखं. नुसतं ॲल्युमिनियम असतं तर काहीच झालं नसतं. पण दोघं एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये मिठाचं पाणी शिरलं, की ॲल्युमिनियम आतल्या आत खाल्लं जातं. वरून रंग छान दिसतो, खाली पांढरी भुकटी होत असते. आमच्याकडे विमानाच्या अंगावर कुणी लोखंडी बोल्ट विसरला तर साहेब दिवसभर ओरडतो. तुमच्या रस्त्यावर एकदा मीठ पडू लागलं की एकदोन हिवाळ्यांत बोल्टाभोवतीचा पत्रा जाईल. मग कधीतरी तू पाय ठेवशील आणि अख्खी पायरी निघून येईल. बाबांच्या समोर आली तर काय, ते तुला सांगायला नको. त्यांच्या मागे आली तर त्याहून वाईट.

म्हणून एक पेटी पाठवली आहे. पायऱ्या ॲल्युमिनियमच्या, सोबतचे पट्टे रंगाचा जाड थर दिलेले, बोल्ट स्टेनलेसचे, मध्ये घालायला प्लास्टिकच्या चकत्या. काही विसरायचं नाही, चकत्या तर मुळीच नाही. दारांखाली आतल्या अंगाला चिखल पुसलात की रबरी बुचं दिसतील, ती काढलीत की तयार भोकं आहेत. तीच वापरायची. वाइनोआजोबांनी पाडलेल्या दोन भोकांच्या कडा घासून, रंग देऊन बुजवायच्या. आणि पान्याला पाइप लावायचा नाही. बोल्ट बसला की थांबायचं. तो आवाज पत्रा ताणल्याचा होता. त्यांना आवडला नाही, म्हणजे त्यांचा कान अजून चांगला आहे.

त्यांना सांग, पायरी वाईट नाही. सोबत वाईट आहे.

आणि आजी, तू लिहिलंस की त्यांनी आधी चुकीच्या बाजूची पायरी केली. त्या बाजूला कोण बसतं गं?

काइसा


कोस्की रोड, ३ नोव्हेंबर

काइसा,

हे माझं अक्षर आहे. कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत असेल तर तसंच वाच. मी शाळेत सहावीपर्यंत होते, तेव्हाही फार बरं नव्हतं.

कोण बसतं म्हणे. कोंबड्यांच्या खाद्याची पोती बसतात. त्यांना कुठे उतरायला पायरी लागते.

बरं, मंगळवारी जातो. औषधाच्या दुकानात, मग सायमाच्या थडग्यावर, मग मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी खायला. मीच नेते. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

पेटी आली तेव्हा वाइनो शेडमध्ये होता. पोस्टवाल्या बाईने आणि मी ती ओढत नेऊन सौनाच्या बाकाखाली ढकलली. तुझं "सोबत वाईट आहे" मी तीन वेळा वाचलं. सांगायला सोपं आहे तुला विचिटाहून. इथे तो रोज सकाळी येतो, त्या लाल पायरीवर बूट ठेवतो आणि "हललीसुद्धा नाही" म्हणतो. त्याच्या तोंडावर कसं सांगू? मी मनाशी म्हटलं, सांगते उद्या. मग बर्फ पडला. मग मिठाची गाडी रस्त्यावरून गेली. त्यानंतर मी गावाहून आले की सौनातलं गरम पाणी नेऊन पायरीच्या खाली ओतायची, डाव्या हाताने. माझ्या वयाची बाई गाडीचे पाय धुते आहे. कुणी बघितलं असतं तर रूडीने मला त्याच दिवशी नेलं असतं.

आणि शनिवारी सौना तापवला. नेहमीसारखी आधी मी जाऊन आले, मग वाइनो गेला. पेटी मी साफ विसरले. कॉफी ठेवली, पाव कापला, तो काही येईना. कॉफी गार झाली. वाटलं, आत पडला की काय. जाऊन दार ठोकलं. त्याने उघडलं. कमरेला टॉवेल, हातात तुझ्या पेटीतला सूचनांचा कागद, भिजून लोंबत होता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"पेटी."

"ती दिसते. इथे काय करते?"

"बाहेर बर्फ आहे."

"हेल्मी," तो म्हणाला, "जन्मभर तुझी जीभ ऐकत आलोय. बरोबर याच वेळी ती कुठे गेली होती?"

मी म्हटलं, "तू इतक्या महिन्यांनी शेड उघडलीस."

त्याने डावभर पाणी शेगडीवरच्या तापल्या दगडांवर टाकलं, वाफ झाली, त्याचं तोंड दिसेनासं झालं. मग आतूनच विचारलं, "लोखंड याला खातं?"

"काइसा तसं म्हणते. लोखंडाची चूक नाही म्हणते. दोघांमध्ये मीठ शिरलं की होतं."

"मग काढू या."

"राग आला का?"

"आला. तो उद्या बघू. आता घाम येतोय, दार लाव."

रविवारी चर्चहून आलो आणि लागलो. लाल पायरी निघता निघेना, इतकी आवळलेली. निघाली तेव्हा खाली पिठासारखी भुकटी. बर्फ पडल्याला अजून दोन आठवडेही झालेले नाहीत, काइसा. वाइनोने ती बोटावर घेतली, चांगल्या डोळ्यासमोर धरली आणि पँटला पुसली. "हं," म्हणाला. खाणीतले लोक एवढंच म्हणतात.

मग तो आडवा होऊन कागद वाचायचा आणि मी चकत्या द्यायची. बुचं होती तिथेच निघाली, इतके दिवस चिखलाखाली. त्याच्या भोकांना आम्ही रंग दिला. बोल्ट आवळायची वेळ आली तर त्याचा हात थांबेना, सवयच तशी. एकदा पुन्हा तो आवाज येतो की काय असं झालं. तेव्हा पाना माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू कर. तुझ्या मोडक्या हाताने जेवढं जाईल तेवढंच बरोबर आहे." असं कुणी बाईला बोलतं का? पण खरं होतं. मी आवळायची, मनगटातून कळ यायची, मी थांबायची. कागदावर लिहिलं होतं तेवढंच झालं असावं, कारण त्यावर चढून वाइनो उड्या मारून आला.

त्या लोखंडी पायऱ्या शेडच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. तो तिकडे बघत नाही. मीही बघत नाही.

आजी


विचिटा, ९ नोव्हेंबर

आजी,

थोडक्यात लिहिते, म्हणजे बाबांच्या आधी पोचेल.

ते चौदा तारखेला निघतायत. त्या खोलीचे कागद बरोबर आणणार आहेत, फक्त सही बाकी आहे. उन्हाळ्यातच त्यांनी मला सांगितलं होतं, "तू आजीला पत्र लिहीत जा, काही कमीजास्त दिसलं की मला कळव." म्हणून सुरुवातीला मी तसं विचारत होते. तुला वाईट वाटेल, पण तुला कळलंच असेल. पहिल्या उत्तरानंतर मी त्यांना काही कळवलेलं नाही.

आणखी एक. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं काहीतरी बिघडलंय. जिना चढताना थांबतात आणि खिडकीतून बाहेर बघतोय असं दाखवतात. आजीला सांगू नकोस म्हणालेत.

आपल्या घरात सगळ्यांनी मला एवढंच काम दिलंय, सांगू नकोस म्हणून.

चढताना आधी दाराच्या आतला दांडा धर, मग पाय ठेव. मनगटाचा पट्टा त्या दिवशी बाहीच्या आत लपव.

काइसा


कोस्की रोड, २४ नोव्हेंबर

काइसा,

तुझ्या बापाने तुला हेर केलं होतं ते मला दुसऱ्याच पत्रात कळलं होतं. तू आधी खोदून विचारायचीस आणि मग पावाबद्दल लिहायचीस. मला वाईट वाटलं नाही. हेर म्हणून तू कुचकामी आहेस, तेवढं बरं आहे.

आता ऐक. रूडी चौदाला आला, पंधराला पहाटे रानात गेला, रिकाम्या हाताने परत आला. सोळाला रिकामा. सतराला सकाळी कॉफी पिताना म्हणाला, "आई, चल." मी विचारलं नाही कुठे. कोट घातला, किल्ली घेतली. दारात मंगळवार असल्यासारखा वाइनो टोपी घालून उभा. मंगळवारच होता. "मलाही औषधं घ्यायची आहेत," म्हणाला.

रूडी म्हणाला, "वाइनोकाका, आज आमचं जरा काम आहे."

"करा की," वाइनो म्हणाला. "मी मध्ये बोलणार नाही." आणि जाऊन गाडीच्या त्याच्या बाजूच्या दारापाशी उभा राहिला.

मी आतला दांडा धरला, पाय ठेवला, बसले. पायरी हलली नाही. रूडी बर्फात उभा राहून माझ्या पायाकडे बघत होता. मी म्हटलं, "बसतोस की पळत येतोस?" पुढची जागा वाइनोची होती, म्हणून तो मागे बसायला निघाला. आणि तिथे, पोरी, तुझा बाप थांबला. खिडकीतून बघायला तिथे काही नव्हतं, म्हणून आभाळाकडे बघितलं. मग पायरीवर पाय ठेवला, दाराला धरलं, दात आवळले आणि कण्हत आत आला. मी आरशात बघत होते. वाइनोसुद्धा बघत होता, चांगल्या डोळ्याने.

गावात मी उतरले, चढले, पुन्हा उतरले. अंडी दिली. पेस्टीच्या दुकानात आम्ही तिघं बसलो. रूडीने खिशातून कागद काढून मेजावर ठेवले, पण उघडले नाहीत. "या पायऱ्या चांगल्या आहेत," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "त्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणालास ना?"

"आहे."

"बघ मग. तुझ्या गुडघ्याला बरं पडेल."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग वाइनोकडे. वाइनो पेस्टीत तोंड घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. "तुला काइसाने सांगितलं?" रूडीने विचारलं. मी म्हटलं, "काइसा कुणाला काही सांगत नाही. ती तुमच्याच घराण्यातली आहे." तेव्हा तो पण हसला. त्याचा हात माझ्या बाहीवर पडला, खाली पट्टा लागला. लागला हे मला कळलं. त्याने हात काढला नाही आणि काही विचारलंही नाही. बराच वेळ तसाच ठेवला. मला पेस्टी खायला अडचण होत होती, पण राहू दिला.

कागद तो घेऊन गेला नाही. ते चुलीजवळच्या पेटीत आहेत. जाड आहेत, पेटायला वेळ लावतात.

जाण्याच्या आधल्या दिवशी रूडी आणि वाइनो सकाळभर शेडमध्ये होते. ठोकाठोक ऐकू येत होती, कोंबड्या पुन्हा रुसल्या. संध्याकाळी सौनाला गेले तर दारात एक लाल पायरी बसवलेली, दगडात, दोन्ही टोकांना लोखंडी खिळे. दुसरी वाइनोच्या दारात आहे. तिथल्या लाकडी पायऱ्या सायमा असल्यापासून कुजत आल्या होत्या आणि तो रोज म्हणायचा की करतो. सौनात अंग तापवून बाहेर आला की आता तो तिथल्या लाल पायरीवर बसतो, वाफा निघतात अंगातून. अस्वल उभं राहील म्हणायचा ना. ते आता बसतं.

स्टूल सौनात परत ठेवला. त्याची दोरी मी 'ताजी अंडी'च्या पाटीला बांधली, दोरी गाडीच्या खिडकीतून आत घेतली, काच वर केली. पाटी आता दाराला टेकून राहते. चुंबक नको आणि काही नको.

आणि तू विचारलं होतंस, त्या बाजूला कोण बसतं. काल मंगळवार होता असं समज, सोमवारच होता, पण जायचं होतं. मी किल्ली विसरले म्हणून घरात जाऊन आले, तर हा अजून बाहेर उभा, माझ्या दारापाशी. बर्फ टोपीवर साठलेला. मी म्हटलं, "तुझी पायरी तिकडे आहे. तूच आधी केलीस. चढ की."

तर म्हणतो, "आधी तू."

मी चढले. त्याने बघितलं. मग गाडीला हात टेकत टेकत, सगळी चक्कर मारून तो त्याच्या बाजूला जातो. त्या डोळ्याने दिसत नाही, खाली बर्फ, त्यामुळे फार वेळ लागतो. तोवर मी इंजिन चालू ठेवून बसते. तेल जळतं.

जळू दे.

आजी